वाहन भंगार प्रोत्साहन योजनांचे तोटे

वाहन भंगार प्रोत्साहन योजना म्हणजे जुने वाहन मोडीत काढून नवे वाहन खरेदी करणाऱ्या मालकास शासनाने देऊ केलेली रोख रक्कम, करसवलत किंवा शुल्कमाफी होय. प्रदूषण कमी करणे, रस्ते सुरक्षित करणे आणि वाहन उद्योगातील मागणी वाढवणे ही अशा योजनांची सर्वसाधारण उद्दिष्टे असतात. फ्रान्स, जर्मनी, अमेरिका इत्यादी देशांनी वेगवेगळ्या काळात अशा योजना राबवल्या. भारतात २०२१ साली जाहीर झालेले वाहन भंगार धोरण याच प्रकारात मोडते. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली.

या योजनांवर प्रामुख्याने चार आक्षेप घेतले जातात. सवलत नव्या वाहनाच्या खरेदीशी जोडलेली असल्यामुळे जुने वाहन वापरणाऱ्या अल्प उत्पन्न गटाला तिचा लाभ क्वचितच मिळतो. भंगाराची किंमत बऱ्याचदा चालू वाहनाच्या बाजारभावापेक्षा कमी असते. योजनेमुळे वाढलेली विक्री पुष्कळ अंशी पुढील काळातील विक्रीच आधी ओढून घेते. तसेच, पर्यावरणीय लाभाच्या मानाने होणारा सरकारी खर्च जास्त असतो. परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्यासारख्या, जुन्या वाहनांवर दैनंदिन दळणवळण अवलंबून असलेल्या ग्रामीण भागात यांपैकी पहिले दोन आक्षेप विशेष महत्त्वाचे ठरतात.

पार्श्वभूमी

केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्थसंकल्प सादर करताना ऐच्छिक वाहन भंगार धोरणाची घोषणा केली. खाजगी वाहनांची २० वर्षांनंतर आणि व्यावसायिक वाहनांची १५ वर्षांनंतर स्वयंचलित केंद्रांत योग्यता चाचणी घेण्याचे त्यात सुचवले होते. १८ मार्च २०२१ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री नितीन गडकरी यांनी लोकसभेत धोरणाचा तपशील मांडला. १३ ऑगस्ट २०२१ रोजी गांधीनगर येथील गुंतवणूकदार परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे धोरणाचा प्रारंभ केला. या क्षेत्रात १०,००० कोटी रुपयांहून अधिक नवी गुंतवणूक येईल, अशी अपेक्षा त्या वेळी व्यक्त करण्यात आली.

मंत्रालयाने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार देशात २० वर्षांहून जुनी ५१ लाख हलकी मोटार वाहने, १५ वर्षांहून जुनी ३४ लाख हलकी मोटार वाहने आणि वैध योग्यता प्रमाणपत्र नसलेली १५ वर्षांहून जुनी १७ लाख मध्यम व अवजड व्यावसायिक वाहने होती. अशी वाहने नव्या वाहनांच्या तुलनेत १० ते १२ पट अधिक प्रदूषण करतात, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. भंगार केंद्रांच्या नोंदणीचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये, तर शुल्कवाढीच्या व करसवलतीच्या अधिसूचना ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. शुल्कवाढ आणि करसवलत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली.

केंद्रीय धोरणात खाजगी वाहन केवळ वयामुळे मोडीत काढण्याची सक्ती नाही. योग्यता चाचणीत उत्तीर्ण झालेले वाहन नोंदणीचे नूतनीकरण करून पुढे वापरता येते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील परिस्थिती मात्र वेगळी आहे. तेथे राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश यांनुसार १० वर्षांहून जुन्या डिझेल व १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर वयाधारित बंदी घालण्यात आली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा वाहनांना इंधन न देण्याचा प्रयत्न झाला. मात्र लोकांच्या विरोधामुळे तो काही दिवसांतच थांबवावा लागला.

सवलतींचे स्वरूप

जुने वाहन नोंदणीकृत भंगार केंद्रात जमा केल्यावर मालकास 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' हे प्रमाणपत्र मिळते. नवे वाहन घेताना हे प्रमाणपत्र दाखवून पुढील लाभ घेता येतात. प्रमाणपत्र दुसऱ्यास हस्तांतरित करण्याची तरतूदही आहे.

• भंगार मूल्य: ही रक्कम केंद्राकडून मिळते. धोरण जाहीर करताना ती नव्या वाहनाच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के असेल, असा अंदाज देण्यात आला होता.
• मोटार वाहन करातील सवलत: केंद्राने खाजगी वाहनांसाठी कमाल २५ टक्के आणि परिवहन वाहनांसाठी कमाल १५ टक्के मर्यादा ठरवली. प्रत्यक्ष दर ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. महाराष्ट्रातील सवलत खाजगी वाहनांच्या बाबतीत केंद्राच्या कमाल मर्यादेपेक्षा कमी राहिली आहे.
• नव्या वाहनाच्या नोंदणी शुल्कात माफी.
• उत्पादक कंपन्यांची सूट: सुरुवातीस शासनाने कंपन्यांना ५ टक्के सूट देण्याचे आवाहन केले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये अनेक कंपन्यांनी प्रवासी मोटारींवर शोरूम किमतीच्या १.५ टक्के किंवा २०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी सूट मर्यादित काळासाठी देण्याचे मान्य केले. ३.५ टनांहून अधिक भारक्षमतेच्या व्यावसायिक वाहनांसाठी ही सूट ३ टक्के ठरली.

सवलतीबरोबरच शुल्कवाढीचा भाग धोरणात आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये आणि दुचाकीचे ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले. १५ वर्षांहून जुन्या टॅक्सीच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क १,००० रुपयांवरून ७,००० रुपये, तर ट्रक व बसचे १,५०० रुपयांवरून १२,५०० रुपये करण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी नूतनीकरण शुल्क पुन्हा वाढवण्यात आले. त्यानुसार दुचाकीस २,००० रुपये, तीनचाकीस ५,००० रुपये आणि हलक्या मोटार वाहनास १०,००० रुपये शुल्क आहे. महाराष्ट्रात याखेरीज जुन्या वाहनांवर राज्याचा पर्यावरण करही आकारला जातो.

तोटे

लाभार्थींची निवड

प्रोत्साहनाचा मुख्य भाग नव्या वाहनावरील सूट या स्वरूपात आहे. त्यामुळे ज्याच्याकडे नव्या वाहनासाठी भांडवल किंवा कर्ज मिळवण्याची क्षमता आहे, त्यालाच तो घेता येतो. ६ लाख रुपये शोरूम किमतीच्या पेट्रोल मोटारीचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. महाराष्ट्रात १० लाख रुपयांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल मोटारीवर ११ टक्के दराने एकरकमी कर आकारला जातो; म्हणजे या मोटारीवर ६६,००० रुपये कर होतो. त्यावर केंद्राने ठरवलेली कमाल २५ टक्के सवलत मिळाली असे मानले तरी ती १६,५०० रुपये होते. कंपनीची १.५ टक्के सूट ९,००० रुपये, नोंदणी शुल्कमाफी ६०० रुपये आणि भंगार मूल्य २४,००० ते ३६,००० रुपये धरल्यास एकूण लाभ सुमारे ५०,००० ते ६२,००० रुपये होतो. उरलेले सुमारे सहा लाख रुपये मालकास स्वतः उभे करावे लागतात. राज्याचा सवलतीचा दर कमी असल्यामुळे प्रत्यक्ष लाभ यापेक्षाही कमी असतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही रद्द झाला. या बदलाचा पूर्ण फायदा ग्राहकाला दिल्यास पूर्वी ६ लाख रुपयांना मिळणाऱ्या लहान पेट्रोल मोटारीची किंमत सुमारे ५१,००० रुपयांनी कमी होते. म्हणजेच जुने वाहन मोडीत न काढताही प्रत्येक ग्राहकाला जवळजवळ तेवढाच लाभ मिळू लागला. जुने वाहन रस्त्यावरून काढण्यासाठी स्वतंत्रपणे दिलेले प्रोत्साहन त्या तुलनेत दुर्बळ ठरते, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

भंगाराचा भाव आणि बाजारभाव

मोटार चालू स्थितीत असेपर्यंत जुन्या वाहनांच्या बाजारात तिला लोखंडाच्या भावापेक्षा अधिक किंमत मिळते. खरेदीदार वाहनातील उरलेल्या वापराची किंमत देतो. भंगार केंद्र केवळ धातू, सुटे भाग आणि बॅटरी यांची किंमत देते. त्यामुळे सुस्थितीतील वाहन शहरातून तालुक्याच्या गावी आणि तेथून खेड्यात विकले जाते. भंगार केंद्रात ते येत नाही. वाहन रस्त्यावरून नाहीसे होण्याऐवजी त्याचे केवळ स्थलांतर होते. ज्या वाहनांचे बाजारमूल्य जवळपास संपलेले आहे, तीच केंद्रात येतात. अशी वाहने मुळातच फारशी धावत नसल्यामुळे ती मोडीत निघाल्याने प्रदूषणात होणारी घटही अल्प असते.

कागदपत्रांची अडचण हाही एक अडसर आहे. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी वाहन अर्जदाराच्या नावावर असावे लागते आणि कर्जाचा बोजा उतरलेला असावा लागतो. ग्रामीण भागात जुन्या वाहनांचे व्यवहार अनेकदा केवळ विक्रीपत्रावर होतात आणि नोंदणी पुस्तकावर पहिल्याच मालकाचे नाव राहते. थकीत कर व दंडाची चलने भंगार मूल्याहून अधिक असल्यास वाहन जमा करण्यात मालकाला काहीच स्वारस्य उरत नाही.

शुल्कवाढीचा भार

सवलत ऐच्छिक असली तरी शुल्कवाढ अनिवार्य आहे. नवे वाहन घेऊ शकणाऱ्यास सवलत आणि न घेऊ शकणाऱ्यास वाढीव शुल्क, अशी या धोरणाची दुहेरी रचना आहे. वाढीव शुल्क वाहनाच्या किमतीशी किंवा प्रत्यक्ष उत्सर्जनाशी जोडलेले नाही. ते वाहनाचा प्रकार आणि वय यांवर ठरते. त्यामुळे उत्तम देखभाल केलेल्या आणि वर्षाकाठी मोजकेच अंतर धावणाऱ्या मोटारीलाही तेच शुल्क पडते.

शुल्क वाहनाच्या किमतीच्या मानाने फार वाढल्यास मालक नूतनीकरणच टाळण्याची शक्यता असते. असे वाहन मोडीत न निघता नोंदणी, योग्यता चाचणी आणि विम्याशिवाय आडरस्त्यांवर चालत राहते. अपघात झाल्यास भरपाई मिळवताना जखमी व्यक्ती व वाहनमालक या दोघांनाही अडचणी येतात. रस्ते सुरक्षा हे उद्दिष्ट असलेल्या धोरणाचा हा विपरीत परिणाम मानला जातो. शुल्काचा प्रश्न महाराष्ट्रात राजकीयदृष्ट्याही संवेदनशील ठरला आहे. योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणास विलंब झाल्यास प्रतिदिन ५० रुपये आकारण्याच्या तरतुदीविरुद्ध २०२४ मध्ये राज्यातील रिक्षा व टॅक्सीचालकांनी आंदोलने केली आणि राज्य शासनाने या वसुलीस स्थगिती दिली.

ग्रामीण भागातील परिणाम: पालम तालुका

पालम हे मराठवाड्यातील परभणी जिल्ह्याचे तालुक्याचे ठिकाण असून ते गंगाखेड–लोहा मार्गावर आहे. तालुक्यातून गोदावरी नदी वाहते. शेती हा येथील मुख्य व्यवसाय असून कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही प्रमुख पिके आहेत. पालम शहरात रेल्वेस्थानक नाही. रेल्वेसाठी गंगाखेड गाठावे लागते. त्यामुळे बाजार, दवाखाना, शाळा-महाविद्यालय आणि सरकारी कार्यालये यांसाठी लोकांना राज्य परिवहनाची एस.टी., काळी-पिवळी जीप, प्रवासी रिक्षा आणि दुचाकी यांवर अवलंबून राहावे लागते. वाहनांची नोंदणी व योग्यता तपासणी परभणी येथील परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येते. या कार्यालयाचा नोंदणी संकेतांक 'एमएच २२' आहे.

अशा तालुक्यात जुने वाहन हे बहुधा उत्पन्नाचे साधन असते. मोठ्या शहरात पाच-सात वर्षे वापरलेली जीप किंवा लहान टेम्पो येथे दुसऱ्या अथवा तिसऱ्या मालकाच्या हाती येतो आणि भाजीपाला, खत, शेतमाल व प्रवासी यांची ने-आण करण्यासाठी वापरला जातो. शेतीचे उत्पन्न हंगामी आणि पावसावर अवलंबून असल्यामुळे नव्या वाहनाचा मासिक हप्ता नियमित भरणे कठीण जाते. जुने वाहन एकरकमी कमी किमतीत मिळते आणि त्याची दुरुस्ती गावातील मेस्त्री करू शकतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या वाहनांत उत्सर्जन नियंत्रणासाठी संवेदक व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असतात. त्यांच्या दुरुस्तीसाठी अनेकदा कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जावे लागते आणि अशी केंद्रे मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. नव्या वाहनाची किंमत, विमा, हप्ता आणि देखभाल या सर्वांचा विचार करता सुमारे ५०,००० रुपयांच्या सवलतीमुळे अशा मालकाचा निर्णय बदलण्याची शक्यता कमी असते.

जुन्या वाहनांचा पुरवठा कमी झाल्यास त्याचा पहिला परिणामही याच वर्गावर होतो. शहरातील मालकांनी वाहने विकण्याऐवजी मोडीत काढली, तर तालुक्याच्या बाजारात येणारी वाहने घटतात आणि उरलेल्यांची किंमत वाढते. ज्यांनी आजवर कधीच नवे वाहन घेतलेले नाही, त्यांच्या दृष्टीने अशा प्रकारे वाहन महाग होते. सवलत मात्र मूळच्या मालकास मिळते.

भंगार केंद्राचे अंतर हाही महत्त्वाचा घटक आहे. महाराष्ट्रात सुरुवातीस उभी राहिलेली संघटित केंद्रे पुणे परिसरासारख्या औद्योगिक पट्ट्यांत होती. चाकण येथील महिंद्रा व एमएसटीसी यांच्या संयुक्त कंपनीचे केंद्र हे त्याचे उदाहरण होय. बंद पडलेले वाहन पालमहून शेकडो किलोमीटर वाहून नेण्याचा खर्च भंगार मूल्याचा मोठा भाग खाऊन टाकतो. परभणीलगतच्या जालना जिल्ह्यात भंगारापासून पोलाद तयार करणारे मोठे उद्योग आहेत. म्हणजे मराठवाड्यात भंगाराला मागणी आहे. परंतु प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्राची सोय तालुका पातळीवर नसल्यामुळे मालकाला जवळच्या भंगारवाल्याला वाहन विकणे सोपे जाते. या व्यवहारात त्याला प्रमाणपत्र मिळत नाही आणि पर्यायाने कोणतीही सवलत मिळत नाही.

ट्रॅक्टरच्या बाबतीत ग्रामीण भागात विशेष संभ्रम निर्माण झाला. दहा वर्षांनंतर ट्रॅक्टर मोडीत काढणे बंधनकारक होणार, असा मजकूर समाजमाध्यमांतून पसरल्यावर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने खुलासा केला. कृषी ट्रॅक्टर हे परिवहनेतर वाहन असून त्याची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर ती एका वेळी ५ वर्षांसाठी वाढवता येते, असे मंत्रालयाने स्पष्ट केले. काही सरकारी वाहने वगळता कोणत्याही वाहनासाठी आयुर्मर्यादा ठरवलेली नाही, हेही त्यात नमूद होते.

सार्वजनिक वाहने

धोरणातील एकमेव वयाधारित सक्ती सरकारी वाहनांसाठी आहे. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून केंद्र व राज्य शासन, महानगरपालिका, नगरपालिका, पंचायती, राज्य परिवहन उपक्रम आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठीची विशेष वाहने यातून वगळण्यात आली. देशात अशी ९ लाखांहून अधिक सरकारी वाहने असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले.

या नियमाचा परिणाम ग्रामीण सेवांवर होऊ शकतो. जुनी एस.टी. बस, रुग्णवाहिका किंवा पाण्याचा टँकर सेवेतून काढल्यावर त्याच वेळी नवे वाहन न आल्यास सेवेत खंड पडतो. केंद्राने राज्यांच्या भांडवली साहाय्य योजनेत २०२३-२४ साठी जुनी सरकारी वाहने मोडीत काढण्याशी निगडित ३,००० कोटी रुपयांची तरतूद केली. परंतु ती राज्य पातळीवरील आहे. स्वतःचे उत्पन्न अल्प असलेल्या लहान नगरपंचायती व ग्रामपंचायतींना नवे वाहन घेण्यासाठी जिल्हा किंवा राज्य पातळीवरील निधीची वाट पाहावी लागते. एस.टी. बसची फेरी कमी झाल्यास प्रवासी जुन्या खाजगी वाहनांकडेच वळतात. अशा वेळी धोरणाचे एक अंग दुसऱ्या अंगाच्या विरुद्ध काम करते.

पर्यावरणीय लाभाविषयी शंका

एखादे वाहन किती प्रदूषण करते हे त्याच्या वयाखेरीज त्याचे इंजिन, देखभाल, इंधन आणि वर्षभरात कापलेले अंतर यांवर अवलंबून असते. महिन्यातून काही वेळाच बाहेर पडणारी जुनी मोटार बदलून दररोज धावणारी नवी मोटार आल्यास एकूण उत्सर्जन वाढूही शकते. नवे वाहन तयार करताना पोलाद, ॲल्युमिनियम, काच आणि प्लास्टिक यांच्या निर्मितीतून होणारे उत्सर्जनही हिशेबात धरावे लागते. वापरण्याजोगे वाहन मुदतीआधी मोडल्यास त्याच्या निर्मितीसाठी पूर्वी खर्ची पडलेली ऊर्जा पूर्णपणे उपयोगात येत नाही. हवेच्या स्थानिक प्रदूषणाच्या बाबतीत मात्र जुन्या अवजड डिझेल वाहनांचा वाटा मोठा असल्याने त्यांच्यावर लक्ष केंद्रित करणारी योजना अधिक परिणामकारक ठरू शकते, असे मत मांडले जाते. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या व वाहनांची घनता कमी असलेल्या तालुक्यात तेच वाहन बदलल्याने आरोग्याला होणारा लाभ महानगरातील लाभापेक्षा कमी असतो. शुल्क मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

अनौपचारिक भंगार व्यवसाय

भारतात वाहने तोडण्याचे काम दीर्घकाळ असंघटित क्षेत्रात चालत आले आहे. मुंबईतील कुर्ला आणि दिल्लीतील मायापुरी ही त्याची परिचित ठिकाणे होत. तेल जमिनीत मुरणे, बॅटरीतील आम्ल व शिसे उघड्यावर पडणे आणि कामगारांना संरक्षक साधने न मिळणे हे या व्यवसायातील गंभीर दोष आहेत. मात्र याच व्यवसायातून जुन्या वाहनांसाठी स्वस्त सुटे भाग उपलब्ध होतात आणि अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह चालतो. नोंदणीकृत केंद्रासाठी लागणारी जागा, यंत्रसामग्री आणि भांडवल लहान व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेर असते. त्यामुळे त्याला नव्या व्यवस्थेत सामावून घेण्याचा मार्ग मर्यादित राहिला आहे. सामान्य मालकाला जवळचा भंगारवाला रोख रक्कम देत असल्यामुळे संघटित केंद्रांना पुरेशी वाहने मिळत नाहीत, असा दुहेरी प्रश्न यातून निर्माण झाला.

अंमलबजावणी व प्रतिसाद

धोरणाला मिळालेला प्रतिसाद अपेक्षेपेक्षा बराच कमी राहिला. नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार ऑगस्ट २०२५ पर्यंत देशात सुमारे ३ लाख वाहने मोडीत काढण्यात आली होती आणि त्यांपैकी १.४१ लाख सरकारी होती. म्हणजे धोरणाच्या प्रारंभापासून चार वर्षांत स्वेच्छेने आलेल्या वाहनांची संख्या सुमारे १.६ लाख होती. त्याच वेळी मोडीत काढण्याजोग्या वाहनांची संख्या ९७ लाख असल्याचे सांगण्यात आले. एकूण आकड्याचा जवळजवळ निम्मा भाग सक्तीच्या नियमातून आलेला असल्यामुळे ऐच्छिक सवलतीचा प्रभाव मर्यादित राहिल्याचे दिसते.

यानंतर शासनाचा भर उत्पादकांच्या जबाबदारीकडे वळला. जानेवारी २०२५ मध्ये अधिसूचित झालेले आयुष्य संपलेल्या वाहनांविषयीचे पर्यावरण संरक्षण नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. त्यांनुसार वाहन उत्पादकांना पूर्वी विकलेल्या वाहनांच्या प्रमाणात भंगार प्रक्रियेची उद्दिष्टे पूर्ण करावी लागतात. कृषी ट्रॅक्टर व कृषी यंत्रे या नियमांतून वगळलेली आहेत. 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत विद्युत ट्रकसाठीचे अनुदान जुना ट्रक मोडीत काढल्याच्या प्रमाणपत्राशी जोडण्यात आले.

इतर देशांतील अनुभव

अमेरिका: जुलै व ऑगस्ट २००९ मध्ये राबवलेल्या योजनेत जुने वाहन देऊन अधिक इंधन कार्यक्षम नवे वाहन घेणाऱ्यास ३,५०० किंवा ४,५०० डॉलर देण्यात आले. सुमारे ३ अब्ज डॉलर खर्चून जवळपास ६.८ लाख वाहने बदलण्यात आली. जमा झालेली इंजिने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून त्यांत सोडियम सिलिकेटचे द्रावण घालून ती निकामी केली जात. आतिफ मियाँ व अमीर सुफी यांच्या २०१२ मधील अभ्यासानुसार योजनेमुळे सुमारे ३.७ लाख वाढीव वाहने विकली गेली. परंतु ही वाढ मार्च २०१० पर्यंत जवळजवळ पूर्णपणे भरून निघाली, कारण ग्राहकांनी पुढील काही महिन्यांतील खरेदीच आधी केली होती. मार्क होक्स्ट्रा, स्टीव्हन पुलर व जेरेमी वेस्ट यांच्या २०१७ मधील अभ्यासात सुमारे ६० टक्के अनुदान अशा कुटुंबांना गेल्याचे आढळले, ज्यांनी त्याच दोन महिन्यांत तसेही वाहन घेतले असते. इंधन कार्यक्षमतेच्या अटीमुळे ग्राहक लहान व स्वस्त मोटारींकडे वळल्याने नव्या वाहनांवरील एकूण खर्च घटला, असाही निष्कर्ष त्यांनी काढला.

जर्मनी: २००९ मध्ये किमान ९ वर्षे जुनी मोटार मोडीत काढणाऱ्यास २,५०० युरो देण्यात आले. १.५ अब्ज युरोची मूळ तरतूद ५ अब्ज युरोपर्यंत वाढवावी लागली. नव्या मोटारींची नोंदणी २००९ मध्ये सुमारे ३८ लाखांवर गेली आणि २०१० मध्ये ती सुमारे २९ लाखांवर घसरली.

फ्रान्स: १९९४ ते १९९६ या काळात तत्कालीन पंतप्रधान बालादूर व ज्युपे यांच्या नावांवरून ओळखल्या गेलेल्या दोन योजना लागोपाठ राबवण्यात आल्या. योजना संपल्यानंतर १९९७ मध्ये नव्या मोटारींच्या विक्रीत मोठी घट झाली.

या देशांत रोख अनुदान मोठे असल्यामुळे प्रतिसाद भरघोस मिळाला. मात्र विक्रीतील वाढ टिकली नाही. भारतात अनुदानाऐवजी करसवलत व शुल्कवाढ यांवर भर असल्याने शासनाचा थेट खर्च कमी झाला, परंतु प्रतिसादही कमी मिळाला.

समर्थकांची भूमिका आणि सुचवलेले पर्याय

धोरणाचे समर्थक पुढील मुद्दे मांडतात. जुन्या वाहनांत एअरबॅग व अँटिलॉक ब्रेक यांसारख्या सुरक्षा सुविधा नसतात. संघटित भंगार केंद्रांमुळे धोकादायक कचऱ्याची योग्य विल्हेवाट लागते. पोलाद, ॲल्युमिनियम व तांबे यांचा पुनर्वापर होऊन आयात कमी होते. चोरीच्या वाहनांचे सुटे भाग विकले जाण्यास आळा बसतो. जुन्या अवजड वाहनांच्या बाबतीत इंधन बचतही लक्षणीय असते. हे लाभ टीकाकारही नाकारत नाहीत. त्यांचा आक्षेप मुख्यतः प्रोत्साहनाच्या रचनेवर आहे.

रचनेत सुधारणा करण्यासाठी सुचवले जाणारे पर्याय असे:

• सवलत नव्या वाहनापुरती मर्यादित न ठेवता, भारत स्टेज ६ मानकांचे वापरलेले वाहन घेणाऱ्यासही ती देणे.
• शुल्क केवळ वयावर न आकारता चाचणीतील प्रत्यक्ष उत्सर्जन व वार्षिक वापर यांच्याशी जोडणे.
• ग्रामीण तालुक्यांसाठी फिरती योग्यता तपासणी आणि वाहन संकलन केंद्रे सुरू करून वाहतूक खर्च केंद्राने उचलणे.
• लहान भंगार व्यावसायिकांना नोंदणीकृत केंद्रांचे संकलक म्हणून मान्यता देणे.
• जुनी सार्वजनिक बस किंवा रुग्णवाहिका सेवेतून काढण्यापूर्वी पर्यायी वाहन उपलब्ध करणे.
• व्यवसायासाठी एकच वाहन असलेल्या मालकांना करसवलतीऐवजी अल्प व्याजदराचे कर्ज देणे.

हे सुद्धा पहा

• भारत स्टेज उत्सर्जन मानके
• महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
• मोटार वाहन कायदा, १९८८
• राष्ट्रीय हरित लवाद
• पालम तालुका
• परभणी जिल्हा